बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच पीएच.डी.ची तयारी: 'मेलन मेज'सारखी फेलोशिप तालुक्याच्या कॉलेजात उभी करता येईल का?

दिग्रस_मराठी

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात मराठी शिकवते. बी.ए. दुसऱ्या वर्षाला यंदा पाच जण असे आहेत की त्यांना संशोधनाकडे न्यावं असं मनापासून वाटतं. चार मुली, एक मुलगा. दोघी बंजारा तांड्यावरच्या, एक बौद्ध, एक कुणबी, आणि मुलगा कोलाम पोडावरचा (कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात). पाचही घरांत कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी.

अमेरिकेत मेलन मेज नावाची फेलोशिप आहे आणि ती बी.ए.च्या मुलांनाच मानव्यविद्यांतल्या पीएच.डी.साठी तयार करते, असं वाचनात आलं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडचे विद्यार्थी त्यात बसतात का? बसत नसतील तर तशी व्यवस्था कॉलेजच्या पातळीवर, जवळजवळ बिनपैशात, करता येते का? आणि बी.ए.नंतर पीएच.डी.पर्यंत पैशाची शिडी नेमकी कशी लागते? 'नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्या' एवढं सगळेच सांगतात. मला त्याआधीच्या दोन वर्षांचं हवं आहे.

---

वर्धारोड

मॅडम, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ: नाही बसत. ही फेलोशिप ठरावीक सभासद संस्थांमार्फतच मिळते, बाहेरच्या विद्यार्थ्याला अर्ज करायची सोय नाही. सभासद संस्था अमेरिकेत आहेत आणि काही दक्षिण आफ्रिकेत (केप टाउन, विटवाटर्सरँड, वेस्टर्न केप ही विद्यापीठं). भारतात एकही नाही. अमेरिकेतली दुसरी मोठी योजना मॅकनेअर, ती सरकारी आहे आणि तिथल्या नागरिकांना किंवा कायम रहिवाशांनाच मिळते. तेव्हा 'अमेरिकेच्या फेलोशिपचा फॉर्म भरून देतो' म्हणत कोणी पैसे मागितले तर मुलांना आधीच सावध करून ठेवा.

पण तिची रचना उचलण्यासारखी आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सुरुवात १९८८ची. अमेरिकेतल्या प्राध्यापकवर्गात कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी माणसं फारच थोडी होती. प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागते. पीएच.डी.ला अर्जच कमी येत होते. अर्ज कमी, कारण पदवीला असताना संशोधन म्हणजे काय असतं हे कोणी जवळून दाखवलेलंच नसायचं. हा धागा मागे मागे ओढत नेला तर टोक सापडतं पदवीच्या दुसऱ्या वर्षात. फेलोशिप तिथूनच सुरू होते.

२००३ साली तिला बेंजामिन मेज यांचं नाव दिलं. मेज १८९४चे, आई-वडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. स्वतः १९३५ साली शिकागो विद्यापीठातून पीएच.डी. झाले, पुढे १९४० ते १९६७ मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष. मार्टिन ल्यूथर किंग तिथलेच विद्यार्थी. आणि हे तुमच्या मुलांना मुद्दाम सांगा: मेज १९३६-३७च्या हिवाळ्यात भारतात आले तेव्हा आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींशी बोलून गेले होते. दिग्रसहून वर्धा किती लांब आहे ते त्यांना ठाऊकच आहे.

आता यंत्रणा. तिथली पदवी चार वर्षांची. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास निवड, आणि उरलेली दोन वर्षं फेलो. एका कॉलेजात एका तुकडीत साधारण पाच जण. प्रत्येकाला एक मार्गदर्शक प्राध्यापक. सत्र चालू असताना ठरावीक रक्कम, उन्हाळ्यात संशोधनासाठी वेगळी. प्रत्येकाचा स्वतःचा एक संशोधनप्रकल्प. सगळ्या तुकडीची नियमित बैठक. पुढे मान्य विषयात पीएच.डी.ला प्रवेश घेतला तर शैक्षणिक कर्जापैकी १०,००० डॉलरपर्यंत फेड, आणि प्रबंध लिहितानाही छोटी अनुदानं. वकिली, वैद्यकी, व्यवस्थापन यांना ती लागू नाही. रोख पीएच.डी.वरच आहे आणि तो कधी ढळू दिलेला नाही. आजवर हजाराहून अधिक फेलो पीएच.डी. झालेत.

बाहेरून बघणाऱ्याला यात पैसा दिसतो. माझ्या मते काम करतात त्या तीन गोष्टी: एकच मार्गदर्शक सलग दोन वर्षं, हातात एक पुरा झालेला लेख, आणि सोबत चार जण. पैसा लागतो तो या तीन गोष्टींना वेळ मिळावा म्हणून. तिथे मूल कॅफेत काम करायला जाऊ नये यासाठी, आणि आपल्याकडे सोयाबीनच्या सोंगणीला आणि कापसाच्या वेचणीला जाऊ नये यासाठी.

---

पांदणवाट

वर्धारोड सरांनी सांगितलं त्यातल्या तिन्ही गोष्टी तुमच्याच कॉलेजात बसवता येतात, मॅडम. जागा अभ्यासक्रमातच आहे. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५पासून नव्या धोरणाचा जो आराखडा आला, त्यात क्षेत्रप्रकल्प आहे, म्हणजे फील्ड प्रोजेक्ट. बहुतेक ठिकाणी २ क्रेडिटचा. प्रत्यक्ष कामाचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास, तेव्हा ६० तास तुमच्या हातात अधिकृतपणे आहेत. हे ६० तास सगळीकडे वाया जाताना दिसतात: बाजारातून स्पायरल बाइंडिंग केलेला प्रकल्प येतो, पहिलं पान बदलतं, सही होते. त्याच तासांत खरा लेख उभा करा. वेगळी परवानगी लागत नाही, वेगळं वेळापत्रक लागत नाही.

क्रम असा ठेवता येईल.

पहिले आठ आठवडे फक्त वाचन. आठवड्याला १० ते १२ पानांचा एकच लेख, पाचही जणांनी तोच. बैठक दीड तासाची, आणि ती ११ ते साडेबारा अशीच ठेवा. कॉलेज सुटल्यावर ठेवली की शेवटच्या एसटीमुळे मुली गळतात, पहिल्या महिन्यातच. प्रत्येकाने अर्धं पान लिहून आणायचं: लेखकाचं म्हणणं काय, पुरावा काय, मला कुठे पटलं नाही. 'लेख खूप छान आहे' हे वाक्य बंद. पहिले तीन आठवडे हे अर्धं पान अत्यंत वाईट येणार. ते तसंच येतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात 'पुरावा काय' या रकान्यात काहीतरी खरं पडायला लागतं.

मग प्रश्न ठरवणं. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच मरतात. मुलं 'विदर्भातील लोकसाहित्य: एक चिकित्सक अभ्यास' असा विषय आणतात. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, तशी शीर्षकं शेकड्याने आहेत, म्हणून त्यांना वाटतं संशोधन असंच असतं. कापत न्यायचं: कुठलं लोकसाहित्य? भुलाबाईची, म्हणजे पोरी अंगणात म्हणतात ती सणाची गाणी. कुठली? आपल्या तालुक्यातल्या तीन गावांतली. त्यात काय बघायचं? सासरच्या माणसांसाठी येणारे नातेशब्द, आणि कोणत्या नात्याच्या तोंडी नकार घातलाय. हा प्रश्न एका बी.ए.च्या मुलीला ६० तासांत झेपतो आणि त्याचं उत्तर आधीपासून कुणाला माहीत नसतं. प्रश्न झेपणारा आहे का ते तपासायची सोपी खूण: उत्तरासाठी नेमकं काय गोळा करायचं हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

त्यानंतर साहित्य गोळा करणं, मग लेखन. मराठीत ४,००० ते ५,००० शब्दांचा लेख, आणि ३०० शब्दांचा गोषवारा मराठीत आणि इंग्रजीत. किमान तीन खर्डे. पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखन तपासू नका. मुलं लाल शाई बघून ऱ्हस्व-दीर्घच सुधारून आणतात, युक्तिवाद तसाच पडून राहतो.

साधनं फुकट आहेत. शोधगंगेवरचे प्रबंध (दर्जा कमी-जास्त, पण संदर्भसूची चाळायला उपयोगी), मराठी विश्वकोश, साहित्य संस्कृती मंडळाची मोफत पुस्तकं, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. बोलीवर काम असेल तर ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा ७ वा खंड मराठीचा आहे, १९०५चा. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने आहेत. शंभरावर वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी आजचं बोलणं ताडून पाहणं हाच एक पुरेसा विषय होतो.

आणखी एक. प्रत्येक विद्यार्थ्याची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, काय वाचलं, काय विचारलं, कुठला खर्डा कसा सुधारला. ही फाइल शिफारसपत्रासाठी. आपल्याकडची शिफारसपत्रं 'मेहनती, नम्र, आज्ञाधारक' यापलीकडे जात नाहीत, आणि निवडसमितीला त्यातून काही कळत नाही. 'हिने तीन गावांतली ४० गाणी लिहून काढली, दुसऱ्या खर्ड्यात आपलंच गृहीतक सोडून दिलं आणि का सोडलं ते दोन पानांत मांडलं' असं वाक्य लिहायचं तर ती नोंद दोन वर्षं आधी झालेली असावी लागते.

---

दिग्रस_मराठी

दोघांचे मनापासून आभार. क्षेत्रप्रकल्पाचे तास असे वापरता येतील हे डोक्यातच आलं नव्हतं. आता विषयांचं विचारते. कुणबी मुलीला भुलाबाई जमेल. बंजारा मुली, बौद्ध मुलगी आणि कोलाम मुलगा यांना त्यांच्याच घरातले विषय द्यावेत का? 'तुमचं तुम्हीच बघा' असं कोंडल्यासारखं होईल, हीही भीती वाटते. आणि ध्वनिमुद्रण मोबाइलवर चालेल का?

---

बोलीवाला_पांढरकवडा

मॅडम, भीती रास्त आहे, म्हणून निवड त्यांच्यावरच सोडा. पण एक लक्षात घ्या, घरची भाषा येणं हे संशोधनातलं भांडवल आहे. बाहेरचा अभ्यासक जे दोन वर्षांत शिकेल ते त्या मुलाला झोपेतही येतं. कोलामी ही द्राविडी भाषा, मराठीशी तिचं कुळाचं नातं नाही. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५५ साली तिचं व्याकरण प्रसिद्ध केलं, ते वर्ध्याकडच्या बोलीवरच आधारलेलं. म्हणजे पाया आहे, आणि यवतमाळकडच्या पोडावरची बोली त्याहून कुठे वेगळी पडते हे तुमचा विद्यार्थी तपासू शकतो. नात्यांची नावं, शेतीचे शब्द, १ ते १० आकडे, अशी १५० शब्दांची यादी करून तीन पोडांवर विचारली तरी लेखापुरतं साहित्य झालं. आकड्यांत मराठी कुठून सुरू होते ते पाहणंच मोठं रंजक आहे.

लिहिताना एक अडचण येईल. कोलामीत 'ए' आणि 'ओ' ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, मराठीत तो फरक लिहायची सोय नाही. ऱ्हस्वासाठी ऎ आणि ऒ ही अक्षरं ठरवून घ्या आणि पहिल्या दिवसापासून तीच वापरा. मध्येच पद्धत बदलली की सगळी यादी पुन्हा ऐकावी लागते.

वेळेचं गणित विषयागणिक वेगळं आहे, ते आधी मांडून घ्या. भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत. तो महिना चुकला की पुढच्या वर्षापर्यंत अंगणातलं खरं गाणं नाही, मग खुर्चीत बसवून म्हणून घ्यावं लागतं आणि पोरी अर्धी कडवी विसरतात. बंजाऱ्यांची लेंगी गीतं होळीला, म्हणजे ती वर्षाच्या दुसऱ्या सत्रात. कोलामी शब्दयादीला बारा महिने मोकळे. आणि बौद्ध मुलीने १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेला प्रत्यक्ष गेलेल्यांच्या आठवणी घ्यायचं ठरवलं तर आजच सुरुवात करा. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज ऐंशीच्या आसपास आहे. तो विषय थांबणार नाही.

मोबाइल चालतो. विमान मोड लावा, पंखा बंद, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, कापडावर ठेवलेला. टेबलावर थेट ठेवला की बोटांची टकटक शब्दांवर चढते. सुरुवातीला तारीख, गाव आणि 'हे अभ्यासासाठी मुद्रित करू का' हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर, सगळं त्याच मुद्रणात यायला हवं. कागदावर अंगठा घेण्यापेक्षा ही संमती चांगली, म्हातारी माणसं अंगठ्याला घाबरतात. नाव द्यायचं की नाही ते त्यांनाच विचारा. एक तासाचं मुद्रण शब्दशः उतरवायला सहा ते आठ तास लागतात, म्हणून ६० तासांत चार तासांहून जास्त मुद्रण करूच नका. मुलं हौसेने वीस तास भरून आणतात आणि मग त्यातलं काहीच उतरवून होत नाही. त्याच दिवशी दुसऱ्या जागी प्रत ठेवा. फाइलचं नाव तारीख-गाव-क्रमांक असं.

आता सगळ्यात मोठी चूक, जी नकळत होते. मुलं उतरवताना 'सुधारतात'. आजी म्हणते 'मले', वहीत येतं 'मला'. ती म्हणते 'डोया', वहीत 'डोळा'. 'येऊन रायला'चं 'येत आहे' होतं. बारा वर्षं शाळेने हेच सुधारून घेतलेलं असतं, त्यामुळे त्यांचा हात आपोआप वळतो. पण 'ला'च्या जागी 'ले' आणि 'ळ'च्या जागी 'य' हीच तर वऱ्हाडीची ओळख. तीच पुसली गेली की लेखाखाली काही उरत नाही. उपाय: एकाने उतरवलेलं दुसऱ्याने मुद्रण ऐकत तपासायचं. दोघांचा जिथे फरक पडेल तिथे तिसऱ्याने ऐकायचं. पाच जणांची तुकडी इथे कामी येते.

---

सेतूकेंद्र_अमरावती

पैशाच्या शिडीचं मी लिहितो. कागदांपासून सुरू करतो, काहून की हुशार पोरं अडकतात ती इथेच.

दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधार आणि बँक खातं, तिन्हीकडे नाव सारखं हवं. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मुलीच्या खात्यात वडिलांचं नाव गळालेलं. दुसऱ्या वर्षातच दुरुस्त करा. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात हे होत नाही.

ओबीसीचं प्रमाणपत्र दोन नमुन्यांत असतं. राज्याच्या कामाला राज्याचा नमुना, नेट किंवा केंद्रीय विद्यापीठाला केंद्राचा नमुना, तोही चालू आर्थिक वर्षातला घ्यावा. राज्याचं तीन वर्षांचं नॉन-क्रिमीलेअर असलं तरी केंद्राचं वेगळं काढायचं. विमुक्त-भटक्या प्रवर्गातल्या बहुतेक जाती केंद्राकडे ओबीसीत येतात, पण केंद्राच्या यादीत जातीचं नाव शब्दशः आहे का ते बघूनच फॉर्ममध्ये प्रवर्ग लिहा. अनुसूचित जमातीच्या मुलाची जात वैधता झाली नसेल तर प्रकरण आजच दाखल करा, त्याला वेळ लागतो.

बी.ए., एम.ए.ला: महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. विद्यार्थी राज्याबाहेर शिकायला गेला तरी ती आपल्याच राज्याकडून मिळते, हे अनेकांना माहीत नसतं. वसतिगृह न मिळाल्यास अनुसूचित जातीला स्वाधार, जमातीला स्वयम्, ओबीसी-भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार योजना. प्रत्येकीचे गुणांचे, अंतराचे निकष त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा.

पीएच.डी.ला: यूजीसीची जेआरएफ, म्हणजे नेटमधल्या वरच्या गुणांवर मिळणारी संशोधन फेलोशिप. जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. वयोमर्यादा ३०, राखीव प्रवर्गांना आणि सर्व महिलांना ५ वर्षं सूट. तुमच्या चारही मुलींना ही सूट आहे. नेटच्या गुणांवर अनुसूचित जातीच्या वर्षाला २,००० आणि ओबीसीच्या १,००० राष्ट्रीय फेलोशिप वेगळ्या असतात. फॉर्ममध्ये त्या पर्यायावर खूण केलीच नाही म्हणून हातची जाते, तेव्हा तो रकाना दोनदा बघा. अनुसूचित जमातीची राष्ट्रीय फेलोशिप ७५० जागांची, आदिवासी मंत्रालयाच्या पोर्टलवर, पीएच.डी.ला नोंदणी झाल्यावर. राज्याच्या बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), टीआरटीआय (अनुसूचित जमाती) आणि नागपूरची महाज्योती (ओबीसी-भटके) या संस्थांच्याही पीएच.डी. फेलोशिप आहेत. त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी, नोंदणीनंतरच, आणि जाहिरात ठरावीक तारखेला येत नाही, तेव्हा महिन्यातून एकदा संकेतस्थळ पाहणं हाच उपाय. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत.

परदेशाचं एकच: केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२२पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन वगळलं आहे. मानव्यविद्यांच्या आपल्या पोरांना याचा थेट फटका बसतो, आणि हे अन्यायाचं आहे असं माझं स्पष्ट मत. पण नियम माहीत असला तर तयारीची दोन वर्षं त्या एकाच अर्जावर लागत नाहीत. अनुसूचित जमातीची परदेश शिष्यवृत्ती वेगळी आहे, २० जागांची, त्यातल्या ३ अति-असुरक्षित आदिम जमातींना. कोलाम त्यात येतात. तुमच्या विद्यार्थ्याने हे नोंदवून ठेवावं.

---

ग्रंथालय_कट्टा

पांदणवाट यांचं सगळं पटलं, एक गोष्ट सोडून. इंग्रजीचा ३०० शब्दांचा गोषवारा शेवटी ठेवला तर उशीर झालेला असेल. नेटचा दुसरा पेपर मराठी विषयाचा मराठीत आहे, १०० प्रश्न, २०० गुण. पण पहिला पेपर, ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा, तो फक्त हिंदी आणि इंग्रजीत. जेआरएफ बहुधा पहिल्या पेपरावर हुकते. चुकीला गुण कापत नाहीत, तरीही मुलं न कळलेला उतारा सोडून देतात.

म्हणून पहिल्या आठवड्यापासून रोज एक इंग्रजी परिच्छेद, १० ओळींचा, त्यांच्याच विषयातला. जोडीने वाचायचा, मराठीत तीन ओळींत सांगायचा, चार शब्द वहीत. वर्तमानपत्राचा अग्रलेख नको, त्यातला शब्दसंग्रह इथे लागत नाही. सहा महिन्यांत मुलगी विषयातला लेख शब्दकोश घेऊन वाचू शकते. बोलता येणं नंतरचं, त्याची लाज वाटून वाचन थांबता कामा नये.

आणि नव्या धोरणातल्या पदवीच्या चौथ्या वर्षाबद्दल कुणीच लिहिलं नाही. २०२२च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट) तर एम.ए. न करता पीएच.डी.ला अर्ज करता येतो. संशोधनासह ऑनर्सच्या चौथ्या वर्षात १२ क्रेडिटचा प्रबंध असतो आणि त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. कागदावर एक वर्ष वाचतं. माझा सल्ला मात्र वेगळा: तीन वर्षं करून एम.ए.ला मोठ्या विद्यापीठात जावं. हैदराबाद, दिल्ली, वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय, कुठेही. नवं ग्रंथालय आणि नवे सोबती मिळणं त्या वाचलेल्या वर्षापेक्षा मोलाचं. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. फॉर्म हिवाळ्यात निघतो, परीक्षा मार्चच्या आसपास, म्हणजे तिसऱ्या वर्षाचं सहावं सत्र चालू असताना. इतिहास, राज्यशास्त्राचे पेपर हिंदी-इंग्रजीत, मराठीत नाहीत. इथे चुकीला एक गुण कापतात, नेटची सवय तिथे नेऊ नका.

---

पांदणवाट

इंग्रजीचं मान्य, पहिल्या आठवड्यापासूनच हवं. चौथ्या वर्षाबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. मुलीला घरून हैदराबादला पाठवत नसतील तर तिच्यासाठी पर्याय 'मोठं विद्यापीठ की चौथं वर्ष' असा राहतच नाही, 'चौथं वर्ष की लग्न' असा होतो. अशा वेळी चौथं वर्ष हा धरून ठेवायचा दोर आहे. फक्त तुमच्या किंवा जवळच्या कॉलेजात संशोधनाची मान्यता आणि पीएच.डी. झालेले कायम प्राध्यापक आहेत का ते आजच विचारा. तालुक्याच्या बहुतेक ठिकाणी नसतात.

घरच्यांशी बोलणं तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नको, दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच. तांड्यावर जाऊन, आई-वडील दोघांसमोर, आकडे घेऊन: पहिली दोन वर्षं ३७,००० महिन्याला, पुढची तीन ४२,०००. 'संशोधन' या शब्दापेक्षा हा आकडा आणि त्यामागचं सरकारी पत्र आधी समजतं, आणि त्यात काही वावगं नाही. त्या घराला वर्षभराचं उत्पन्न कापसावर काढावं लागतं.

---

दिग्रस_मराठी

सगळं उतरवून घेतलं. एकच राहिलं. ऑक्टोबर ते डिसेंबर पाचपैकी तिघे सोयाबीन आणि वेचणीला जातात. बैठका तेव्हा बंद ठेवू की चालू? आणि त्यांना काही रक्कम देता येईल असा कुठला रस्ता?

---

वर्धारोड

बंद ठेवू नका, मॅडम, दर पंधरा दिवसांनी करा आणि बाजाराच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी ती गावात येतातच. त्या तीन महिन्यांत लेखनाची एकही मुदत ठेवू नका, फक्त वाचन, आणि कोजागरीपर्यंत भुलाबाईचं मुद्रण, तेही संध्याकाळचंच असतं. खर्ड्यांच्या मुदती जानेवारी-फेब्रुवारीत.

रकमेसाठी 'कमवा आणि शिका' योजना बघा. विद्यापीठाची असते, कॉलेजमार्फत चालते, तासावर पैसे मिळतात. मुद्रणं उतरवणं, ग्रंथालयातल्या जुन्या नियतकालिकांची सूची करणं, हे काम त्यात ग्रंथालयाचं काम म्हणून दाखवता येतं का ते प्राचार्यांना लेखी विचारा. तोंडी होकार लेखापरीक्षणात टिकत नाही. अर्जासोबत कामाचं वर्णन, आठवड्याचे तास आणि हजेरीवहीचा नमुना जोडा, म्हणजे फाइल परत येत नाही. पाचांऐवजी वेचणीला जाणाऱ्या तिघांचीच नावं आधी द्या.